‘गेट’चे एकशे तेवीस अर्थ आणि एक वही

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका सेहेचाळीस वर्षांच्या आहेत. त्यांचे शिक्षण सोलापूर जिल्ह्यातील एका गावी मराठी माध्यमात झाले आणि इंग्रजी पाचवीपासून सुरू झाले. पुण्यातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात बावीस वर्षे काम केल्यावर त्यांना नुकतीच बढती मिळाली असून आता इंग्लंडमधील लीड्सच्या कार्यालयाशी रोजचा पत्रव्यवहार आणि आठवड्यातून दोन व्हिडिओ बैठका त्यांच्या वाट्याला आल्या आहेत. एका बैठकीत खर्चमंजुरीची नवी पद्धत समजावून सांगितल्यावर पलीकडच्या साहेबांनी ‘डिड यू गेट ऑल दॅट?’ असे विचारले आणि यांनी ‘नो सर, ईमेल अजून मिळाला नाही’ असे उत्तर दिले. पुढे ‘कॅन यू गेट धिस सॉर्टेड बाय फ्रायडे?’ असा निरोप आला, तेव्हा यांनी येणेबाकीची यादी वर्णानुक्रमे लावून शुक्रवारी दुपारीच पाठवून दिली; अपेक्षा मात्र थकलेली प्रकरणे निकाली काढण्याची होती. तेव्हापासून त्यांनी एका वहीत ‘गेट’चे अर्थ उतरवायला सुरुवात केली असून ही संख्या एकशे तेवीसवर गेली आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी वही पाहून हसते. स्वतःच्या ईमेलमध्ये त्या हा शब्द कटाक्षाने टाळतात. त्यांचे प्रश्न तीन आहेत : उरलेले अर्थही पाठ करावेत का, इंग्रजी संभाषणाचा महागडा वर्ग लावावा का, आणि हे झेपणार नसेल तर बढती सोडून जुन्या टेबलावर परत जावे का?

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र वाचताना वर्णानुक्रमे लावलेल्या यादीपाशी मला हसू आले, हे आधीच कबूल करते. मात्र ते तुमच्यावर नव्हते. तुम्ही सांगितलेले काम वेळेआधी आणि नेटके केले होते, फक्त ते दुसरेच काम होते. भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे अशा यादीतल्या काही नोंदी माझ्याही नावावर आहेत.

प्रथम त्या एकशे तेवीस या आकड्याविषयी बोलू. तुमची वही हे वेडेपणाचे लक्षण नाही, कारण ज्यांनी इंग्रजीचे कोश रचले त्यांनीही याच शब्दांपुढे हात टेकले होते. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या कोशाच्या प्रस्तावनेत काही क्रियापदांची नावे घेऊन तक्रार केली आहे की यांचा अर्थ इतका सैल आणि वापर इतका अनिश्चित आहे की मूळ कल्पनेपासून ते कुठवर भरकटले याचा माग काढणे कठीण. त्या यादीत टेक, पुट, सेट, रन, मेक यांच्याबरोबर तुमचा ‘गेट’ही आहे. पुढे ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली, तेव्हा तिच्यातील सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती आणि तिच्यात ४३० हून अधिक अर्थ नोंदलेले होते. म्हणजे आकड्यांच्याच मागे लागायचे ठरवले, तर तुमच्या वहीची पाने पुरणार नाहीत आणि ‘गेट’ संपल्यावर ‘सेट’ दारात उभा असेल.

पण हे आकडे नेमके कोणाचे आहेत, हा प्रश्न मला तुम्हाला विचारायचा आहे. ते कोशकाराचे आहेत. एखादा शब्द शतकानुशतके कुठे कुठे वापरला गेला हे वेगवेगळे करून मांडणे हे त्याचे काम असते, आणि जिथे त्याला बारीकशी फट दिसते तिथे तो नवा क्रमांक घालतो. बोलणाऱ्याच्या डोक्यात असे क्रमांक नसतात. लीड्समधील तुमच्या साहेबांना ‘गेट’चे अर्थ मोजायला सांगितले, तर सात-आठ सांगून ते थांबतील, असे मी पैजेवर म्हणू शकते.

हे खोटे वाटत असेल तर पैज आपल्या घरातच लावून पाहू. ‘लागणे’ या क्रियापदाचे अर्थ किती, हे तुम्ही कधी मोजले आहेत का? भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते. दुपारी डोळा लागतो आणि तेवढ्यात गॅसवरचे दूध लागते. गवयाचा सूर लागतो, हापूसला मोहोर लागतो, लग्न लागते, ग्रहण लागते, एखाद्याचे वेड लागते आणि नात्याने कोणी आपली आत्या लागते. भाजीला मीठ लागते म्हणजे ते हवे असते आणि भाजी खारट लागते म्हणजे ते जास्त झालेले असते. एसटी स्टँडवर ‘पंढरपूरची बस लागली’ असे ऐकू आले की आपण पिशवी उचलतो, आणि घाटात ‘मला बस लागली’ असे कोणी म्हटले की शेजारचा माणूस मुकाट्याने खिडकी उघडून देतो. या दोन वाक्यांत तुमचा आयुष्यात एकदा तरी गोंधळ झाला आहे का? मोल्सवर्थ आणि त्यांचे सहकारी १८३१ सालचा मराठी–इंग्रजी कोश करीत होते, तेव्हा त्यांना याच क्रियापदाशी किती झगडावे लागले असेल (पाहा, इथेही ‘लागले’ आलेच), याची कल्पना करून मला नेहमी गंमत वाटते. आपण मात्र एकही अर्थ पाठ न करता हे सगळे बोलतो, कारण आपण ‘लागणे’ सुटे शिकलोच नाही. भूक, ठेच, बस, सूर यांच्या सोबतीने शिकलो. त्याखाली चिकटण्याची, स्पर्श होण्याची एक जुनी कल्पना आहे (‘लग्न’ हा शब्दही त्याच धातूचा), पण तीसुद्धा आपल्याला कोणी सांगितलेली नसते.

माझ्या मते तुमची खरी अडचण तुमच्या पाचवीच्या वर्गात सुरू झाली, आणि तिच्यात तुमचा काही दोष नाही. राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० साली. त्याआधीच्या पिढ्यांना ते पाचवीत भेटले आणि बहुधा धड्याखालच्या शब्दार्थांच्या रूपात भेटले. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे मराठी शब्द. ‘गेट’ बरोबर मिळणे, प्राप्त करणे. एका शब्दाला दुसऱ्या भाषेत एक जोडीदार असतोच, आणि तो सापडला की काम झाले, हे गृहीतक त्या बरोबरच्या चिन्हातून आपल्या मनात जाऊन बसले. जोडीदार चुकला की आपण आणखी एक शोधतो, तोही चुकला की आणखी एक, आणि पाहता पाहता एकशे तेवीस होतात. तुमची वही म्हणजे ते बरोबरचे चिन्ह वाचवण्याची धडपड आहे. ते चिन्हच पुसून टाका, असे माझे सुचवणे आहे.

त्या जागी काय मांडायचे? ‘गेट’च्या तळाशी एक बदल असतो : आधी नसलेली गोष्ट हाती येते, आधी नसलेली स्थिती येते, आधी जिथे नव्हतो तिथे आपण पोहोचतो. पत्र हाती येते, पगार येतो, सर्दी होते, बस सापडते, आणि समोरच्याचे म्हणणे डोक्यात येते. ‘डिड यू गेट ऑल दॅट?’ मधला ‘गेट’ तो हाच. हाती येण्याऐवजी ध्यानात आले का, एवढाच फरक. आपणही ‘आलं का लक्षात?’ असेच विचारतो आणि तिथे कोणी पाकीट शोधत नाही. विशेषण जोडले की स्थिती बदलते : ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधारून येते आहे. दिशा जोडली की माणूस हलतो : घरी पोहोचतो, गाडीतून उतरतो, अंथरुणातून उठतो. आणि एखादी वस्तू व तिच्यावर झालेली क्रिया अशी जोडी आली, तर ‘करून घेणे’ हा अर्थ येतो : ‘गेट द चेक साइन्ड’ म्हणजे धनादेशावर सही करून घ्या. तुमचा शुक्रवारचा निरोप याच घरातला होता. त्यातला ‘सॉर्टेड’ संगणकातल्या तक्त्याच्या आज्ञेसारखा दिसला आणि तुम्ही फसलात. ब्रिटिश बोलीत ‘सॉर्ट’ म्हणजे मार्गी लावणे हा अगदी रोजचा वापर आहे.

या सगळ्याला एक अपवाद आहे, आणि तो आधीच सांगून ठेवलेला बरा. ‘आय हॅव गॉट टू डॉटर्स’ या वाक्यात काही मिळालेले नाही आणि काही बदललेले नाही. ‘मला दोन मुली आहेत’ एवढेच ते म्हणते. रूप भूतकाळाचे आणि अर्थ वर्तमानाचा, अशी ही चाल आहे. त्यातलाच ‘आय हॅव गॉट टु गो’ म्हणजे ‘मला जावे लागेल’.

शेवटच्या वाक्यात ‘लागणे’ परत आले, हे तुमच्या ध्यानात आले असेल. ही दोन क्रियापदे बऱ्याच ठिकाणी एकमेकांना भेटतात. नोकरी लागली, फोन लागला, सवय लागली, कोड्याचा अर्थ लागला, गप्पा मारू लागलो : या प्रत्येक ठिकाणी इंग्रज माणूस ‘गेट’ वापरून बोलू शकतो. ठेच, दूध आणि आत्या मात्र तिथे येत नाहीत, म्हणून ‘गेट बरोबर लागणे’ असे वहीत लिहू नका. मला इथे दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. ‘मला नोकरी लागली’ या वाक्यात कर्ता नोकरी आहे आणि ‘मी’ चतुर्थी विभक्तीत बाजूला उभा आहे. इंग्रजीत तोच ‘मी’ वाक्याच्या दारात पहिला येऊन बसतो. मराठी माणसाला ‘गेट’ जड जातो तो अर्थांच्या गर्दीपेक्षा या बसण्याच्या जागेमुळे, असे मला वर्षानुवर्षांच्या कामावरून वाटत आले आहे. ‘मला उशीर झाला’ याचे आपण ‘आय गॉट लेट’ करतो. लीड्सचे लोक ‘आय वॉज लेट’ म्हणतील. बसमधून उतरायला आपल्याकडे ‘गेट डाउन’ म्हणतात. तिकडे ‘गेट ऑफ’ म्हणतील. आपले रूप इथे सर्वांना कळते, त्यामुळे त्याची लाज बाळगू नका. त्यांचे कानाला ओळखीचे करून घेतले की पुरे.

आता तुमच्या टाळण्याविषयी. तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेल्या तीन ईमेलमध्ये ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अक्वायर’ असे भारदस्त शब्द आहेत आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नाही. लहान शब्द अवघड आणि मोठे शब्द सोपे, ही उलटी गत पुस्तकातून भाषा शिकलेल्या प्रत्येकाची होते. तिचे कारण इतिहासात आहे. ‘गेट’ हा शब्द स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी इंग्लंडला दिला. त्यांनी ८६६ साली यॉर्क घेतले, आणि यॉर्क तुमच्या लीड्सपासून अगदी जवळ आहे, म्हणजे तुमचे साहेब हा शब्द जणू माहेरच्या हक्काने वापरतात. ‘रिसीव्ह’ आणि ‘ऑब्टेन’ आले ते १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर, फ्रेंचच्या वाटेने, दरबाराची आणि कागदपत्रांची भाषा होऊन. आपल्याकडे ‘मिळणे’ आणि ‘प्राप्त होणे’ यांच्यात जे अंतर आहे, तेच त्यांच्यात आहे. ‘आपले पत्र प्राप्त झाले’ हे कार्यालयीन पत्रात शोभते. पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ‘मजला चहा प्राप्त झाला’ असे सांगितले, तर तो आधी तुमच्याकडे आणि मग कपाकडे पाहील. म्हणून बिले, करार, पोच यांच्या पत्रांत तुमचे ‘रिसीव्ह’ बिनधास्त राहू द्या. दोन ओळींच्या रोजच्या निरोपात मात्र ‘गेट’ला आत येऊ द्या. (देवनागरीत तो फाटकासारखाच लिहिला जातो, ही योगायोगाची कोटी मी टाळू शकले नाही. उच्चार मात्र वेगळा आहे : फाटकाचा ‘ए’ लांबतो, याचा आखूड राहतो.)

थोडे शब्द पुरतात, असे सांगणाऱ्यांपासूनही सावध राहा. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांचे ‘बेसिक इंग्लिश’ मांडले आणि त्यात क्रियापदे ठेवली फक्त अठरा. ‘गेट’ त्यांतला एक. शेकडो क्रियापदांचे काम या अठरांना इन, आउट, अप, ऑफ असे शेपूट जोडून भागेल, हा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, पण बिल शिकणाऱ्याच्या नावावर फाडलेले होते, असे माझे मत आहे. कारण ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे, ‘गेट ओव्हर’ म्हणजे सावरणे, ‘गेट बाय’ म्हणजे कसेबसे भागवणे, हे ‘गेट’ आणि ते शेपूट यांची बेरीज करून कळत नाही. याहून मला मायकेल वेस्ट यांचे काम उपयोगाचे वाटते. ब्रिटिश काळात ढाक्याला शिक्षणक्षेत्रात राहून, बंगाली मुलांना इंग्रजी वाचता कसे येईल याचा त्यांनी विचार केला, आणि पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार नित्योपयोगी शब्दांची यादी काढली. तिच्यात प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ किती टक्के वेळा येतो, हेही दिलेले होते. यादीतल्या टक्क्यांनी शिक्षकांसमोर उघड केले ते हे, की एकाच शब्दाचे अर्थ समान वजनाचे नसतात. थोडे अर्थ बहुतेक काम करतात आणि बाकीचे कधीतरी डोकावतात. तुमच्या वहीत मात्र सगळे एका रांगेत उभे आहेत.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर : उरलेले अर्थ पाठ करू नका. वही ठेवा, पण तिची रचना बदला. मराठी अर्थाचा रकाना काढून टाका. लीड्सहून आलेल्या ईमेलमधले अख्खे वाक्य जसेच्या तसे उतरवा, ते कोणत्या प्रसंगी आले ते मराठीत एका ओळीत लिहा, आणि त्या प्रसंगी तुम्ही मराठीत काय म्हटले असते तेही लिहा. एखादे वाक्य दुसऱ्यांदा आले तर त्यापुढे फक्त एक रेघ मारा. महिन्याभराने ज्या वाक्यांपुढे रेघा जमतील, ती आणि तेवढीच तुमची. ती स्वतःच्या ईमेलमध्ये वापरायला लागा. कोशाची गरज पडली, तर परभाषकांसाठी केलेला आणि नेहमीचे अर्थ आधी देणारा कोश घ्या. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासारखा ऐतिहासिक कोश जुना अर्थ आधी देतो, त्यामुळे आजच्या ईमेलसाठी त्याचा उपयोग होत नाही. मुलगी हसते, त्याचे मला फार वाटत नाही, कारण आपण तिला चुकीचा प्रश्न विचारतो. ‘याचा अर्थ काय?’ असे विचारले की तिलाही धड सांगता येत नाही, आणि मग हसणे सोपे पडते. ‘हे तू कोणाला आणि केव्हा म्हणशील?’ असे विचारून पाहा.

मात्र तुमच्या दोन्ही फजितींवर शब्दज्ञानाचा इलाज मला पुरेसा वाटत नाही. दोन्ही वेळी तुम्हाला शंका आली होती, हे तुम्हीच लिहिले आहे. ती तुम्ही गिळली. इंग्रजी येत नाही असे दिसेल, या भीतीने न विचारणे हा खरा तोटा आहे. इंग्लंडमध्येच जन्मलेले लोकही एकमेकांना सतत विचारून घेतात. त्यासाठी एक वाक्य तोंडी बसवा : ‘जस्ट टु चेक’, आणि त्यापुढे तुम्हाला समजलेले काम तुमच्या शब्दांत. शुक्रवारी यादी लावण्यापूर्वी ‘थकलेली प्रकरणे शुक्रवारपर्यंत मिटवायची, असेच ना?’ एवढी एक ओळ गेली असती, तर हे पत्र मला आले नसते. बैठक संपल्यावर ठरलेल्या मुद्द्यांचा चार ओळींचा ईमेल तुम्हीच पाठवायला सुरुवात करा. लिहिण्यात तुम्ही पक्क्या आहात, आणि समजण्यात चूक झाली असेल तर ती त्याच दिवशी पलीकडून दुरुस्त होऊन येईल. परदेशी मुलांकडे राहायला जाणाऱ्या आणि तिथल्या दवाखान्यात किंवा बँकेत एकट्याने बोलावे लागणाऱ्या वाचकांनाही माझे हेच सांगणे आहे : समजले ते आपल्या शब्दांत परत सांगा आणि समोरच्याला मान हलवू द्या.

वर्गाबाबत माझे मत अर्धवट अनुकूल आहे. ‘तीस दिवसांत पाचशे वाक्प्रचार’ असली जाहिरात करणारा वर्ग असेल तर पैसे वाचवा, कारण ती तुमचीच वही दुसऱ्याच्या अक्षरात आहे. तुमच्या कामाचे ईमेल, कंपनीची माहिती झाकून, समोर घेऊन दोन-तीन जणांच्या गटात बोलायला लावणारा शिक्षक मिळाला, तर जरूर जा. प्रवेश घेण्यापूर्वी एक तास बसून पाहू द्या, अशी मागणी करा.

आणि बढती. बावीस वर्षांचा लेखाविभाग तुमच्या हाताखालून गेला आहे आणि दोन निरोप चुकीचे समजले गेले. या दोन गोष्टी एकाच तराजूत घालून तुम्ही निर्णय घ्यायला निघाला आहात, हे मला पटत नाही. टेबल सोडण्याचा अर्ज लिहिण्याआधी तीन महिने थांबा. या काळात पुण्यातील तुमच्या वरिष्ठांना मोकळेपणाने सांगा की बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी आले, तर तुम्हाला सोयीचे जाईल. या मागणीत कमीपणा नाही, ती अनेक अनुभवी माणसेही करतात. तीन महिन्यांनंतरही प्रत्येक बैठकीच्या आदल्या रात्री झोप उडत असेल, तर परत जाण्याचा विचार जरूर करा. त्यात हार नाही. पण तेव्हा कारण ‘मला हे काम नको आहे’ हे असू द्या. ‘गेट’वर ढकलू नका.

ताजा कलमात तुम्ही विचारले आहे की अमेरिकेतला भाचा ‘गॉटन’ लिहितो आणि लीड्सचे लोक ‘गॉट’ लिहितात, तर चूक कोणाची. कोणाचीच नाही. ‘गॉटन’ हे जुने रूप आहे. इंग्लंडने ते बव्हंशी टाकून दिले आणि अमेरिकेने जपून ठेवले. ‘फर्गेट’ हा ‘गेट’च्याच कुळातला शब्द, आणि त्याच्या ‘फर्गॉटन’मध्ये मात्र ते इंग्लंडातही सुखरूप राहिले आहे. लीड्सला लिहिताना ‘गॉट’ लिहा, आणि भाच्याची पत्रे दुरुस्त करू नका.